सहाशे लिटरचा हौद

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नव्या नोकरीचा पहिला दिवस आणि नव्या वहीचं पहिलं पान. पहिला पगार होईपर्यंत काही विकत घ्यायचं नाही, असं आत्याने बजावलंय. पण वही मी चिपळूणहून निघतानाच घेतली होती, त्यामुळे ती या नियमात बसत नाही.

आत्याचं घर लालबागला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली मिरची-मसाला कुटायचा डंक आहे. सकाळी तो सुरू झाला की अर्ध्या तासात अख्खा मजला शिंकायला लागतो. आत्याला मात्र चाळीस वर्षांत एकदाही शिंक आलेली नाही म्हणे. मला पोटमाळा मिळालाय. सरळ उभं राहता येत नाही, पण खिडकी आहे आणि खिडकीत तुळस आहे. मी खूश.

लॅब शिवडीला, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गोदामांच्या रांगेतल्या एका जुन्या दगडी गोदामाचे दोन भाग केलेत, पुढे ऑफिस आणि मागे लॅब. मालक हर्षवर्धन सर. लहान कारखान्यांचे नमुने येतात. बॅटरीचं आम्ल, मुलामा देणाऱ्यांची रसायनं, कधी लोणचंवाल्यांचं व्हिनेगर. तपासणारे आम्ही दोघंच. दुसरा बुद्धभूषण, नायगावचा, बत्तीस वर्षांचा. धातूंच्या चाचण्या तो करतो, आम्ल-अल्कली माझ्याकडे. ओळख होऊन पाच मिनिटं झाली नसतील, तर त्याने मोबाइलवर मुलीचे फोटो दाखवले. चार वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत, पडलेत म्हणजे तिने पाडून घेतलेत, जिन्यावरून उडी मारून.

साफसफाईला चंपामावशी आहे. वरळी कोळीवाड्यातून येते. साठी ओलांडलेली, आवाज खणखणीत, नाकात सोन्याची चमकी. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की नव्या मुली इथे टिकत नाहीत, मासळीच्या वासाला कंटाळतात. मी म्हटलं, मी कोकणातली आहे. तेव्हा हसली.

मंगळवार, ७ जानेवारी

आज माझं रोजचं पहिलं काम कळलं. लॅबच्या मागच्या कोपऱ्यात फरशीखाली एक हौद आहे, तीन बाय तीन फुटांचा, वर कडीचं लोखंडी झाकण. सिंकमध्ये ओतलेलं आम्ल त्यात जमतं. शनिवारी त्यात चुना टाकून आम्ल मारायचं, पाणी गटारात सोडायचं, आणि नळाच्या ताज्या पाण्याने हौद पुन्हा भरायचा. सहाशे लिटर. चुना किती लागेल ते आधी कळावं, म्हणून रोज सकाळी हौदाचा नमुना तपासायचा.

हे तर माझ्या आवडीचं. पिपेटने पंचवीस मिलिलिटर पाणी फ्लास्कमध्ये घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे. वर ब्युरेटच्या उभ्या मापनळीत कॉस्टिक सोडा, तीव्रता ०.१ नॉर्मल. ते थेंबाथेंबाने सोडत फ्लास्क गोल फिरवत राहायचं. ज्या थेंबाला फिकट गुलाबी रंग येतो आणि अर्धा मिनिट टिकतो, तो अंत्यबिंदू. आमचे कॉलेजचे सर म्हणायचे, गुलाबी दिसला की थांबा, लाल दिसला की घरी जा.

आज ५.० मिलि लागले. ०.१ गुणिले ५, भागिले २५. हौद ०.०२ नॉर्मल; आकडा जितका मोठा तितकं आम्ल तीव्र. रजिस्टर चाळलं, तर गेल्या वर्षभरातही रोज हाच आकडा, फार तर इकडेतिकडे. अशी शिस्त माणसांतही नसते.

बुधवार, १५ जानेवारी

एक गोष्ट खटकते. हौदाच्या नमुन्यात गुलाबी रंग यायच्या आतच फ्लास्क किंचित दुधाळ होतो, त्यामुळे अंत्यबिंदू नीट दिसत नाही. आज कारण सापडलं. मी अर्धा तास लवकर पोचले, तर चंपामावशी झाकण उघडून हौदात पिशवी रिकामी करत होती. माशांची डोकी, काटे, कोलंबीची टरफलं. कोळीवाड्यातून रोज आणते म्हणे. का, असं विचारलं तर म्हणाली, सवय आहे.

हाडांतला चुना आणि फॉस्फेट आम्लात विरघळतं, तेच पुढे दुधाळ दिसतं. म्हणजे माझे सगळे आकडे माशांच्या काट्यांनी बिघडवलेले.

सोमवार, २० जानेवारी

फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला बाहेरचे तपासनीस येणार आहेत. लॅबचा परवाना त्यावर अवलंबून आहे. मी सरांना सांगितलं की हौदात असं काही पडत राहिलं तर नोंदींना अर्थ उरणार नाही. सरांनी मावशीला बोलावून बंद करायला सांगितलं. ऐकायला मी तिथेच उभी होते, ते बरं केलं नाही.

दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. चिडलेली नव्हती. म्हणाली, "बाय, तुला आकडा पायजे तर आकडा भेटंल. मंग माज्याकडं येऊ नको."

कामात भावना आणायच्या नाहीत, असं मी स्वतःला समजावलं. तरी संध्याकाळी तिच्यासाठी लालबागचा चिवडा घ्यावा असं मनात आलं होतं. राहून गेलं.

सोमवार, २७ जानेवारी

नमुना आता काचेसारखा स्वच्छ. गुलाबी रंग एका थेंबात येतो. पण ८.८ मिलि लागले. ०.०३५.

परवा शनिवारी मी स्वतः चुना टाकला होता, पाणी सोडलं होतं, नळाचं ताजं पाणी भरलं होतं. रविवारी सुट्टी. आज सकाळी हौदात नुसतं नळाचं पाणी असायला हवं होतं. बुद्धभूषण म्हणाला, कॉस्टिक जुनं झालं असेल. नवं केलं, प्रमाणित केलं. ८.८.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आठवडाभर सिंकचं तोंड बूच मारून बंद ठेवलंय. वापरलेलं सगळं आम्ल कॅनमध्ये जमवतो. हौदात वरून थेंबही जात नाही. शनिवारी पुन्हा उपसला, पुन्हा भरला.

आज १५.० मिलि. ०.०६.

मी बुद्धभूषणला माझा आकडा न सांगता त्याच्या हाताने करायला सांगितलं. त्याने कागदावर लिहिलेला आकडा उलटा ठेवला, मी माझा. दोन्ही उलटले. तोच. तो हसला नाही. कोणतं आम्ल आहे ते पाहू या म्हणाला, आणि सिल्व्हर नायट्रेट टाकलं. तळाशी पांढरा साका बसला. हायड्रोक्लोरिक. गंमत म्हणून त्याने सांगितलं की माणसाच्या पोटातही हेच असतं, जेवायच्या वेळी साधारण ०.१ नॉर्मल.

गंमत म्हणूनच सांगितलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

१८.५ मिलि. ०.०७४.

आज जुनी रजिस्टरं काढली. ऑफिसच्या माळ्यावर सतरा-अठरा वर्षांची पडून आहेत. २००८ सालात हौदाचा आकडा असाच चढत गेलाय. जुलैत ०.१० ला पोचलाय. दुसऱ्या दिवशी ०.०६. त्या दिवसापासून अक्षर वेगळं आहे. आधीच्या सगळ्या पानांवर जयवंत अशी सही, नंतर ती कुठेच नाही.

मग सहा वर्षं तो ०.०६ च्या आसपास रेंगाळतो. २०१४ मध्ये पुन्हा चढतो. ०.१०. दुसऱ्या दिवशी पुन्हा ०.०६. या वेळी सही बदललेली नाही. आणि त्या महिन्यापासून आकडा हळूहळू उतरत ०.०२ वर आलाय, तो मी येईपर्यंत.

सरांना विचारलं. जयवंत न सांगता नोकरी सोडून गेला होता, असं त्यांनी वडिलांकडून ऐकलंय. तेव्हा लॅब वडिलांची होती.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मावशीकडे गेले. शेवटी मीच गेले.

२०१४ पर्यंत इथे झाडायला दोघी होत्या, चंपा आणि नलू. नलू तिच्याच गल्लीतली, लहानपणापासूनची मैत्रीण. एका सकाळी नलू हौदाचं झाकण पुसायला गेली. मावशी नळावर बादली भरत होती, सात-आठ पावलांवर. बादली भरली, मावशीने वळून पाहिलं, तर झाकण उघडं आणि नलू नाही. मावशी पळत गेली. हौदात मांडीइतकं पाणी, स्वच्छ, तळ दिसत होता. तळाशी काही नव्हतं. नलू कुणाबरोबर तरी पळून गेली, असं ठरलं. चार मुलं टाकून पळून गेली.

मावशीने कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती काटे आणायला लागली. तिने मला एवढंच सांगितलं, "भुकेलं हाय ते. थोडं थोडं घातलं की गप ऱ्हातं."

हे सगळं मी इथे लिहितेय. विज्ञानाची पदवी आहे माझ्याकडे. पण काटे आम्ल मारतात हे रसायन आहे, आणि मी ते बंद केलं हेही खरं आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

२५.० मिलि. ०.१००.

तीनदा केलं. २५.०, २५.०, २५.०.

सरांना न विचारता मावशीला सांगितलं, उद्यापासून काटे पुन्हा आण. मी बघून घेईन. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "उद्या जास्ती आनते."

बुधवार, १२ फेब्रुवारी

मावशी नाही.

झाकण बंद होतं. झाकणाशेजारी तिची पिशवी, गाठ न सोडलेली, त्यात काटे तसेच. चपला भिंतीशी नीट जोडून ठेवलेल्या, जशा ती रोज ठेवते.

फाटकावरच्या कॅमेऱ्यात सात वाजून दहा मिनिटांनी ती आत येताना दिसते. बाहेर जाताना दिसत नाही. तिच्या मुलाला फोन केला. ती घरी नाही.

मी नमुना काढला. नको होता काढायला. १५.० मिलि.

गुलाबी रंग यायच्या आत फ्लास्क दुधासारखा पांढरा झाला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पोलीस येऊन गेले. हरवल्याची नोंद झाली. हवालदारांनी झाकण उचलायला लावलं, बांबू घालून पाहिला. अडीच फुटांवर टणक तळ. चारही कोपरे चाचपले. गोदामामागे बंदराच्या बाजूला तुटलेली भिंत आहे, तिकडून गेली असेल असं त्यांचं म्हणणं. मला आकड्यांबद्दल बोलायचं होतं. रजिस्टर उघडलं आणि परत मिटलं.

तिचा मुलगा बाहेर बाकावर बसून होता, आईची पिशवी मांडीवर घेऊन. मीच तिला आणायला सांगितलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हिशोब मांडलाय. बुद्धभूषणने तपासलाय. लिहून ठेवते.

११ तारखेला ०.१०, १२ ला ०.०६. घट ०.०४ नॉर्मल. सहाशे लिटरला चोवीस एकक आम्ल एका दिवसात मेलं.

चुन्याने मारायचं तर पाऊण किलोच्या वर चुना लागतो. चुन्याची गोणी शिलाईबंद आहे.

हाडाने मारायचं तर एका एककाला साधारण सव्वाशे ग्रॅम, म्हणजे चोवीसला तीन किलो. दुधाळ नमुन्यात मॉलिब्डेट टाकलं तर पिवळाधमक साका आला, म्हणजे फॉस्फेट. हाडच. माशांच्या काट्यांनी एवढं व्हायचं तर टेम्पोभर मासळी लागेल. मावशीची पिशवी तर सोडलेलीच नव्हती.

मोठ्या माणसाच्या हाडांमध्ये सुमारे तीन किलो खनिज असतं. हे बुद्धभूषणने मोबाइलवर शोधलं, मला दाखवलं, आणि मोबाइल खिशात ठेवला.

मांसाचा हिशोब मला मांडता येत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

नमुना काढायच्या लांब दांड्याच्या डावात काहीतरी खळखळलं.

चमकी. नाकातली. सोनं या आम्लात विरघळत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

चमकी पोलिसांना दिली. मावशी साफसफाई करत असताना पडली असेल, असं ते म्हणाले. तेही खोटं नाही, पडू शकते.

सरांपुढे सगळं ठेवलं. जुनी रजिस्टरं, हिशोब, पिवळा साका. सरांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, तू फार ताणात आहेस, तपासणी होऊ दे मग आठवडाभर घरी जाऊन ये. मी म्हटलं, हौद बुजवा. ते म्हणाले, हौदाशिवाय परवाना मिळत नाही.

मी राजीनामा लिहून दिला. २८ तारीख. आत्याला अजून सांगितलं नाही.

हौद ०.०७०.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काल संध्याकाळी शिवडीच्या बाजारातून दोन किलो डोकी-काटे आणून बुद्धभूषणने आणि मी हौदात टाकले होते. मी झाकण धरलं, त्याने लांबून ओतले.

आज सकाळी पाहिलं. सगळं तळाशी तसंच्या तसं. एक काटा मऊ पडलेला नाही, एक खवला सुटलेला नाही. ०.०७ नॉर्मल आम्लात अख्खी रात्र.

२०.० मिलि. ०.०८०. उतरला नाही. चढला.

आता त्याला ते नको आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

एक प्रयोग केला. सकाळी नमुना काढून लगेच लॅब बंद केली, तासभर ऑफिसात बसलो. परत नमुना. दोन्ही सारखे, २१.५. मग मी एकटी झाकणाजवळ स्टुलावर बसले. तासाभराने २२.१. मग बुद्धभूषण बसला. २२.७. मग आम्ही दोघं. २४.०.

जेवणाचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, तसं.

बुद्धभूषणला उद्यापासून लॅबमध्ये येऊ नको म्हटलं. त्याने मलाही तेच सांगितलं. घरी तीन माणसं त्याच्यावर आहेत आणि माझे तर आठच दिवस राहिलेत, असं म्हणत दोघंही काम करत राहिलो. शक्यतो ऑफिसच्या दारात टेबल ओढून.

भिंतींना ओल आलीये. फेब्रुवारीत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

तपासनीस सोमवारी येणार. हौद आतून घासून स्वच्छ हवा, असं सरांनी आज सांगितलं. तळाशी मासळी कुजलेली दिसली तर काय उत्तर देणार? मग ते बुद्धभूषणकडे वळले. तुमच्याकडे ओळखीतलं कुणी असेल ना, उतरणारं, असं म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

बुद्धभूषणने हातातली परीक्षानळी स्टँडवर ठेवली. म्हणाला, "सर, माझे आजोबा उतरायचे. वडील उतरले नाहीत, कारण आजोबांनी उतरू दिलं नाही. मला एम. एस्सी. करायला दोन पिढ्या लागल्या. त्या हौदात कुणी उतरणार नाही. आमच्यातलं नाही, कुणातलंच नाही."

सर ओशाळले. माझ्या मनात तसं नव्हतं म्हणाले. नसेलही.

पण संध्याकाळी निघताना त्यांना फोनवर बोलताना मी ऐकलं. रविवार, सकाळी दहा, दोन माणसं, लॅबची दुसरी चावी आधी घेऊन जा.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सरांना सकाळपासून बारा वेळा फोन केला. तेराव्यांदा उचलला. ठेकेदाराची माणसं आहेत, रोजची सवय आहे त्यांना, हातमोजे देतात, असं म्हणाले. ठेकेदाराचा नंबर दिला नाही.

चुना टाकला नाही. हौद उपसला नाही. कुणीच झाकणाला हात लावला नाही.

२५.० मिलि. ०.१००.

त्या दोन माणसांची नावंही मला माहीत नाहीत. कुणाची तरी असतील ती. कुणाकडे तरी त्यांचे फोटो असतील मोबाइलमध्ये.

लॅबची एक चावी माझ्याकडे आहे. दार लोखंडी, आतून कडी. दहाच्या आधी मी आत असले आणि कडी लावली, तर त्यांना आत येता येणार नाही. कंटाळून जातील. ठेकेदाराच्या माणसांना एका दिवसात दहा जागा असतात.

दारातून हौदापर्यंत पंधरा पावलं आहेत. मी दाराला टेकून बसेन. झाकणाला पहार अडकवीन. बुद्धभूषणला कळवलंय की बारापर्यंत माझा फोन आला नाही तर पोलिसांना घेऊन ये. एकटा येऊ नको असं तीनदा सांगितलं.

आत्याला म्हटलं, रविवारचं जादा काम आहे. तिने डबा भरायचा ठरवलाय.

रविवार, २३ फेब्रुवारी

९.१५. पोचले. कडी लावली. झाकणाच्या कडीतून पहार घातली. खिडकीच्या गजांमधून ऊन येतंय, समोर गोदामाच्या छपरावर कावळे. सगळं साधं दिसतंय. नमुना झाकणाच्या भोकातून नळी घालून काढला, लांबून.

२६.३ मिलि. ०.१०५.

९.५०. छताला घाम आलाय. थेंब पडतात. हातावर पडला, चुरचुरला. धुतला.

१०.१०. आले. दोन आवाज. एकाने दार वाजवलं, आत कोण आहे विचारलं. मी म्हटलं, हौदात विषारी वायू आहे, जीव जाईल, परत जा. मालकांनी सांगितलंय, असं ते म्हणत राहिले. मी ओरडले. मग कोळीवाड्यातली बाई यातच गेली, एवढंच म्हटलं. बाहेर शांत झालं. मग एक जण दुसऱ्याला म्हणाला, चल रे, नाय करायचं.

गेले. पायांचे आवाज ऐकले. गेले.

रडू आलं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१०.३०. कडी निघत नाही.

दाराच्या वरून पाणी झिरपतंय. कडीवर, खिळ्यांवर. लोखंड खाल्ल्यासारखं फुगलंय. हातोडीने मारलं. हातोडी घसरते.

१०.४५. भिंतीचं पाणी काचपट्टीने निपटून घेतलं. दहा मिलि. फिनॉल्फ्थॅलिन.

०.११.

हौदात जे आहे तेच भिंतीत आहे. झाकणाला पहार लावून मी काय अडवलंय? हौद ही नुसती खालची जागा आहे. ते या खोलीएवढं आहे. मी दाराला टेकून —

११.०५. फोन भिजला. बंद. त्याआधी बुद्धभूषणला लागला होता, अर्धं वाक्य. मी म्हटलं येऊ नको. त्याला फक्त 'ये' ऐकू गेलं असेल का —

११.२०. ३०.१. ०.१२०.

पहार पडलीये. मी काढली नाही. फरशीवर पडली तेव्हा आवाजही झाला नाही. फरशी मऊ —

टेबलावर बसलेय. पाय वर घेऊन. आत्याचा डबा तिथे दाराशी राहिला.

११.४०. फाटक वाजलं. बुद्धभूषण. एकटा. पोलीस रविवारी लगेच निघत नाहीत, मागून येतायत, असं ओरडून सांगतोय. त्याच्या हातात घण आहे. घाबरू नको म्हणतोय. मी ओरडतेय पण तो घण घालतोय, त्याला ऐकू —

नमुना. घ्यायलाच हवा. तो फाटकातून आत आल्यापासून भिंती जोरात —

११.५०. ३५.० मिलि. ०.१४०.

पुन्हा केलं. ३५.०.

ते दर वेळी ०.०६ वर येऊन थांबतं. २००८ ला. २०१४ ला. मावशीच्या वेळी. एका माणसाला ०.०४.

०.१४ वजा ०.०६. उरतात ०.०८.

०.०८ भागिले ०.०४ —

दोन.

बुद्धभूषण, दाराशी येऊन वही खालून सरकवतेय. हे वाच. घण टाकून दे. फाटकाबाहेर जा. मुलीकडे जा. मी आतून ओरडले तरी, तुझं नाव घेऊन बोलावलं तरी, दार तोडू न—